बटणाएवढे बादशहा

आमच्या मंडळात नाणी हरवतात, किस्से हरवत नाहीत. नाणं शर्टाच्या खिशातून धुण्यात जातं, फटीत पडतं, नातवाच्या तोंडात सापडतं. किस्सा मात्र दर रविवारी आणखी एकाला सांगितला जातो आणि सांगताना थोडा जाड होतो. आता इतके साचलेत की नाण्यांऐवजी त्यांनाच डबे आणायला लागतील. म्हणून लिहून टाकते. म्हाताऱ्यांनी वाचलं तर वाचू देत, तोंडावरही मी हेच बोलते.

मंडळ म्हणजे तीन म्हातारे आणि मी. जागा सोलापुरात, नव्या पेठेत, शिवप्पा शेठच्या कापडदुकानावरची माडी. खाली साड्यांचे गठ्ठे, वर रोमन साम्राज्य. एक म्हातारा स्वतः शेठ. दुसरे नदाफ चाचा, होटगीला रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. तिसरे बिराजदार सर. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि अजून थांबलेले नाहीत, समोर वर्ग असो नसो.

मी अंबिका. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं, पेठेतच मोबाईल दुरुस्त करते. का सोडलं ते विचारू नका. हे तिघं दर रविवारी विचारतात, तेवढं पुरे.

आमचा विषय एकच. रोमन लोकांची ब्राँझची चिल्लर. सोन्याची नाणी ज्यांना हवीत त्यांना लखलाभ. ही म्हणजे भाजीवालीला द्यायची चिल्लर. काळी, झिजलेली, शर्टाच्या बटणाएवढी, आणि प्रत्येकीवर कुणातरी बादशहाचं नाक.

सरांचं म्हणणं असं की ही चिल्लर आपल्या भागातही आली होती. राजांच्या भेटी म्हणून नाही, साध्या माणसांच्या कनवटीला बसून. हे सिद्ध करायला एकच नाणं लागतं, पण असं, की ते कुठल्या गावच्या मातीत सापडलं हे छातीवर हात ठेवून सांगता यावं. असं एकही नाणं सरांकडे नव्हतं. उभं आयुष्य त्या एका नाण्याची वाट बघण्यात गेलं. पुढचे सगळे किस्से याच एका दुखण्याचे आहेत.

*

मी या भानगडीत शिरले ती चाचांमुळे. त्यांचा फोन चार्ज होईना. मी तो मायक्रोस्कोपखाली धरला. आमच्याकडे त्याचं चित्र शेजारच्या स्क्रीनवर दिसतं, म्हणजे गिऱ्हाइकाला त्याची घाण त्याच्याच डोळ्यांनी दाखवता येते. चार्जिंगच्या खाचेत सुपारीचा चुरा होता.

"ये तो मेरीच सुपारी है," चाचा जुना दोस्त भेटल्यासारखे म्हणाले. मग स्क्रीनकडे बघत राहिले. मग बंडीच्या खिशातून काळं काहीतरी काढून काचेवर ठेवलं. "इसकू देख जरा."

मला वाटलं बटण आहे. फोकस फिरवला. आधी नुसता काळा डोंगर. मग डोंगराला नाक आलं. ओठ आले. डोक्यावर मण्यांची पट्टी, मागं गाठ मारलेली. एक माणूस, सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचा, माझ्या टेबलावर, सोल्डरिंगच्या तारेशेजारी, रागानं कुठंतरी बघत होता.

मी कॉलेजात असताना माझे डोळे कधी असे मोठे झाले नव्हते.

"कोण आहे हा?" मी विचारलं.

"मालूम नै," चाचा म्हणाले. "लेकिन तेरे सरीकाच दिखरा. उसकू बी घरवालों ने कुछ तो बोले होंगे."

*

पुढच्या रविवारी माडीवर गेले. शेठनं कुठूनतरी मागवलेली मूठभर नाणी वर्तमानपत्रावर पसरली होती, मातीसकट. मी एक उचललं आणि सरांना विचारलं, हे कुणाचं.

सरांनी ते बघितलंसुद्धा नाही. "आधी विचार, हे कुठं सापडलं?"

शेठ म्हणाले, "पार्सलमधी."

"मग हे नाणं नाही. ज्याची जागा माहीत नाही ते नाणं म्हणजे बटण." मग सरांनी जागेचं महत्त्व या विषयावर जे सुरू केलं ते चहा येऊन, निवून, साय धरेपर्यंत. नाणं म्हणजे साक्षीदार. साक्षीदार कुठं उभा होता हेच माहीत नसेल तर त्याच्या साक्षीचा उपयोग काय? बोलणं खरं होतं. पण खरं बोलताना माणसानं समोरच्याला श्वास घेऊ द्यावा, हे शाळामास्तरांना कोण सांगणार.

सर पाणी प्यायला थांबले तेवढ्यात शेठ हळूच म्हणाले, "सर, बटणाला निदान भोकं असत्यात. ह्यानं सदरा बी लागत न्हाय."

*

ही नाणी साफ करणं म्हणजे धीराचं काम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी वाटीत घ्यायचं, त्यात नाणं बुडवायचं आणि विसरून जायचं. काही आठवड्यांनी मऊ ब्रशनं हात फिरवायचा, पुन्हा बुडवायचं. वरचा काळाहिरवा थर काढायचा नाही. चेहरा त्या थरातच असतो. थर गेला की बादशहा गेला.

हे सरांनी शेठना निदान दहादा सांगितलं होतं. पण शेठ पडले कापडाचे व्यापारी, डाग दिसला की हात शिवशिवतो. एका नाण्यावर सरांचा भारी जीव. पुसट होतं, तरी कडेला शहराची खूण वाचता येईल असं त्यांना वाटत होतं. ते त्यांनी वाटीत ठेवून शेठच्या हवाली केलं आणि चार दिवस लेकीकडे गेले.

परत आले तर शेठ जिन्यातच उभे. चेहऱ्यावर बारशाला आलेल्या माणसाचा आनंद. "सर, तुमचं काम सोपं करून ठेवलंय."

घरी पूजेची भांडी निघाली होती. त्यातच शेठनं नाण्याला चिंच लावली, मीठ लावलं आणि देवाच्या ताम्हणाबरोबर घासून काढलं.

सरांनी नाणं खिडकीपाशी नेलं. उलटं केलं, सुलटं केलं. नाक नाही, ओठ नाहीत, अक्षर नाही. गुळगुळीत पिवळी टिकली.

"शेठ," सर म्हणाले, "चेहरा कुठाय?"

शेठ जवळ जाऊन वाकले. खरंच शोधलं त्यांनी. मग म्हणाले, "तुमचाच दिसतोय की सर, इतकं चमकतंय."

सर दोन रविवार आले नाहीत.

*

एका नाण्यावर दोन शिपाई निघाले. समोरासमोर उभे, हातात भाले, आणि मधे जमिनीत रोवलेले दोन उंच दांडे, वर काहीतरी लावलेलं. मी दुकानातला मायक्रोस्कोप माडीवर नेला होता, स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं. सर सांगायला लागले, की हे सैन्याचे ध्वज, प्रत्येक पलटणीचा वेगळा, त्यांच्यासाठी माणसं जीव देत.

शेठ पुढं सरकले आणि त्यांनी स्क्रीनला हात जोडले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"ह्या तर गड्ड्याच्या काठ्या."

आता सोलापुरात राहणाऱ्याला काठ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. बाहेरच्यांसाठी सांगते : संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, उंचच उंच नंदीध्वज निघतात, कमरेला पट्टा बांधून माणसं ते पेलतात. शेठच्या घराण्याला त्याचा मान आहे. सर स्वतःही त्याच गर्दीत लहानाचे मोठे झाले, पण इतिहासात गर्दी घुसलेली त्यांना खपत नाही.

"शेठ, हे रोमन आहेत."

"असू देत की. पर काठी आमच्यासारखीच धरल्याली हाय. बघा, कमरेपाशी."

"सोळाशे वर्षं जुनं आहे हे!"

शेठनं शांतपणे विचारलं, "मग सर, कुणी कुणाकडनं घेतलं म्हणायचं?"

सर म्हणाले, "चहा सांगा." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी चहा सांगायला मलाच पिटाळतात, जणू मी इंजिनिअरिंग त्यासाठीच सोडलं.

*

चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेला एक जण रुमालात बांधून नाणी घेऊन आला. गावाकडं नांगरताना सापडली म्हणाला. सरांनी पहिला प्रश्न केला तो ठरलेलाच. त्यानं उत्तर दिलं ते मात्र ऐकत राहावं असं : कुठलं शेत, कुठला बांध, बांधावरच्या कुठल्या बाभळीखाली, मुळीच्या कुठल्या अंगाला. सरांचे डोळे भरून यायचेच बाकी होते. हात पुसून त्यांनी रुमाल सोडला.

सगळ्या शिवराया. तांब्याच्या, जाडजूड, कुणालाही ओळखता याव्यात अशा.

सरांचा चेहरा पडला. त्यांनी रुमाल दोन बोटांनी बाजूला सारला. "ही नकोत."

शेठ म्हणाले, "सर, महाराजांची नाणी बाजूला सारताय? आणि ह्या कुणाच्या कोण बादशहासाठी?"

सर काहीतरी बोलणार तोच चाचा उठले आणि रस्त्याकडची खिडकी लावून आले.

"अब बोलो," ते म्हणाले. "नीचे रस्ता है."

*

एका कॉलेजात परिषद होती. सरांना बोलायला वेळ मिळाली, जेवणाच्या आधीची, म्हणजे लोकांच्या नाकात भाजीचा वास आणि कानात सर. सरांनी बॉक्समधून कोट काढला होता. बोलले चांगलं, हे मलाही कबूल करावं लागेल. चिल्लर कशी फिरते, व्यापाऱ्यापेक्षा हमालाबरोबर ती कशी लांब जाते, ते सांगताना हातवारे न करता बोलले.

पहिल्या रांगेत बाहेरगावचे एक मोठे अभ्यासक बसले होते. त्यांनी चष्मा काढला. "सर, तुम्ही दाखवलेल्यांपैकी या भागात सापडलेलं एक तरी आहे का?"

सर म्हणाले, "नाही."

अभ्यासकांनी चष्मा घातला. संपलं. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

जेवताना तेच अभ्यासक सरांच्या शेजारी आले. मला वाटलं, आता काही दिलासा देतील. ते म्हणाले, "इथली शेंगा चटणी प्रसिद्ध आहे म्हणतात. चांगली कुठं मिळते?"

सरांनी सांगितलं. चौक सांगितला, बोळ सांगितला, कुठल्या पायरीवर कुठली बाई बसते आणि कुठल्या वेळी ताजी कुटलेली असते ते सांगितलं. त्या दिवशी परिषदेत सरांनी पुराव्यासकट दिलेला तो एकच पत्ता.

रिक्षात मी भडकले. म्हटलं, त्या माणसाचं ताट फेकून द्यायला हवं होतं.

"प्रश्न बरोबर होता त्यांचा," सर म्हणाले.

मला आणखी राग आला. "प्रश्न बरोबर, उत्तर नाही, मग कशाला करता हे सगळं? एवढ्या डिग्र्या आहेत तुमच्याकडे, एक नाणं मिळालं का त्यावर?"

"नाही मिळालं," सर म्हणाले. "तू डिग्री पूर्ण कर. तुलाही मिळणार नाही, पण निदान बरोबरीनं बोलता येईल."

*

आता शेवटचा. हा माडीवर सांगत नाहीत, म्हणून मी लिहिते.

होटगीच्या पुढं एक गाव आहे. नाव विचारू नका. चाचांच्या जुन्या सोबत्याची तिथं सोयरीक. चंपाषष्ठीला तो तिकडं जेवायला गेला होता आणि येऊन चाचांना म्हणाला, त्यांच्या देवघरात टाकांच्या रांगेत एक बटणाएवढं काळं नाणं आहे, त्यावर घोडा आहे आणि घरची माणसं त्याला मल्हारी म्हणून पुजतात. विहीर खणताना निघालेलं आहे, त्यांच्याच रानात.

सरांनी हे दोनदा सांगायला लावलं. विहीर. त्यांच्याच रानात.

शेठनं गाडी काढली. सर मागं माझ्याशेजारी कोट घालून बसले. वाटेत चाचा पुढून वळून म्हणाले, "सर, छापोगे तो सरकार के लोगां आयेंगे. पंचनामा होयेंगा, नाणं जायेंगा. सोच को रखो."

"जाऊ दे की. म्युझियममध्ये नीट राहील," सर म्हणाले. "हळदीत कुजण्यापेक्षा बरं."

मला पटलं. मीही तेच म्हणाले असते. तेवढ्या एका गोष्टीत त्या दिवशी आमचं जमलं.

त्या घरच्या महादेवी काकूंनी दारातच पाणी दिलं. पन्नाशीच्या असतील. आत कुणालातरी कानडीत काही सांगितलं आणि आमच्याशी मराठीत बोलायला लागल्या. सरांनी विचारायच्या आधीच विहीर दाखवली. "हितंच. माझ्या सासऱ्याच्या वडलांनी खणली. पाणी लागायच्या आदी देव लागला. म्हून पयला नैवेद्य त्येला."

सर विहिरीच्या काठावर उभे राहिले. खाली पाणी, त्यात आम्हा सगळ्यांची डोकी. त्यांनी चपला काढल्या होत्या. का ते मी विचारलं नाही.

देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा. चांदीचे टाक ओळीनं, आणि कडेला ते, हळदीनं इतकं माखलेलं की लाडवाचा तुकडा वाटावा. काकूंनी ते ताम्हणात धुतलं आणि सरांच्या तळहातावर ठेवलं. "रोज धुतो की आमी. पर पालथं कदी केलं न्हाय. देवाची पाठ कशाला बघायची?"

"एकदाच बघू द्या," सर म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलता येतं त्यांना, हे माहीत नव्हतं.

काकूंनी थोडा विचार केला. "बघा. तुमी म्हातारं मानूस हायसा."

सरांनी नाणं उलटं केलं. त्या बाजूला कुणाचं बोट कधी लागलेलंच नव्हतं. बादशहाचा चेहरा, केसांची बट, पट्टीची गाठ, भोवती अक्षरं, सगळं जागच्या जागी. सरांनी त्याचं नाव पुटपुटलं. दुसऱ्यांदा पुटपुटलं. मी सोबत आणलेल्या छोट्या मायक्रोस्कोपची वायर माझ्या फोनला जोडली. मग त्यांनी घोड्याची बाजू वर केली आणि आम्ही सगळे फोनवर वाकलो.

घोडा झिजला होता, पण होता. पुढचे पाय मुडपलेले. त्याच्या मानेवर एक माणूस, हात वर केलेला. आणि मागं, कडेला, दुसरा एक उभा माणूस, पायी, हातात लांब भाला. भाल्याचं टोक घोडेस्वाराकडं.

मला कळलं. सरांना तर आधीच कळलं होतं.

"न्हेणार का तुमी ह्येला?" काकूंनी विचारलं.

"मी नाही नेणार," सर म्हणाले. "पण मी लिहिलं तर येतील न्यायला."

काकूंनी पदरानं फोनची काच पुसली आणि डोळे बारीक केले. "आमच्या मामंजींचं म्हननं, वर केल्याल्या हातात तलवार हाय. मला कदी दिसली न्हाय. ह्यात दिसती का हो?"

मी सरांच्या पायावर पाय देणार होते. म्हातारा बोलल्याशिवाय राहणार नाही हे ठाऊक होतं.

"नाही," सर म्हणाले. "हात रिकामा आहे. तो घोड्यावरनं पडतोय. मागचा त्याला भाला मारतोय. 'नको' म्हणून हात वर केलाय त्यानं."

शेठ भिंतीकडं बघायला लागले. चाचांनी टोपी काढली, परत घातली.

काकू बराच वेळ फोनकडं बघत होत्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. शाळेतली पोरगी फळ्याकडं बघते तशा बघत होत्या.

"म्हंजी ह्यो मारणारा न्हाय. मार खानारा हाय."

"हो."

"आनि आमी इतक्या पिढ्या ह्येलाच हळद लावली."

माझं बोट फोटोच्या बटणावर होतं. "सर, काढू?" मी विचारलं.

काकूंनी नाण्यासाठी हात पुढं केला. "मंग बराबरच हाय की," त्या म्हणाल्या. "पडल्याल्यालाच लावत्यात हळद."

सरांनी माझ्या फोनवर तळहात ठेवला, सगळी काच झाकली जाईल असा. दुसऱ्या हातानं कोनाड्यातली हळदीची वाटी उचलून काकूंना दिली. मग नाणं.